गॅस सरस नई

मे महिन्यात अमळनेर ते धुळे,
आठवड्यातून दोनदा.
मागच्या सीटवर निर्मलाबाई कोठारी,
मानेवर ओला पंचा, मांडीवर डायलिसिसची फाइल.
डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय त्यांना,
दिवसाला तीन फुलपात्री.
माझी बाटली मी दाराच्या खणात आडवी ठेवतो
आणि नवलनगरला टायर बघायच्या निमित्तानं
उतरून, पाठमोरा होऊन पितो.

एसी आधी गार द्यायचा, मग बरा, मग नुसता वारा,
शेवटी भट्टीवर फुंकणी धरल्यासारखा.
दोन उन्हाळ्यांत तीनदा भरला.
दर ठिकाणी तेच, "गॅस सरी ग्या, आप्पा."
अठराशे रुपये, वीस दिवस गारवा.
मीही मानलं. डिझेल संपतं,
तसा हाही संपत असेल.

भटू मिस्तरीनं बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ कशालाच हात लावला नाही.
मग म्हणाला, "गॅस सरस नई, आप्पा.
गॅस जास."
आणि उकिडवा बसला.

जिथून गॅस निसटतो तिथून तेलही झिरपतं,
तेलावर धूळ बसते ती उठत नाही.
पण आमच्याकडे धूळ कुठं नाही?
सगळ्या नळ्या एकाच रंगाच्या, गोणपाटाच्या.
त्यानं ब्रशनं साबणाचा फेस फासला.
वॉल्व्हपाशी बुडबुडा आला, मी ओरडलो.
"तो साबणना शे," म्हणाला, आणि फुंकर मारून फोडला.

नायट्रोजन भरला, घड्याळ लावलं.
दोघं सुईकडे बघत उभे.
चहा आला. त्या उन्हात चहा काही निवेना,
सुई मात्र केसभर उतरली.

मग थोडा गॅस, त्यात रंग.
"दोन दिवस चालाडा. अंधार पडना की या."

मंगळवारी रात्री त्यानं ट्यूबलाइट बंद केली.
जांभळ्या दिव्यात त्याचे दात तेवढे दिसत होते.
दिवा कंडेन्सरवरून गेला, काही नाही.
नळीवरून, वळणावरून, काही नाही.
कॉम्प्रेसरच्या मागे, खालच्या जोडावर
हिरवं,
नुकताच सोललेला ओला हरभरा असावा तसं.

मला वाटलं खूश होईल.
त्यानं बोटानं तेल पुसलं, खाली नटावर
पिवळ्या रंगाचा ठिपका.
"जुलाल मिस्तरीकडे लायेल व्हती का गाडी?"
चार वर्षांपूर्वी. धुळ्याला. कॉम्प्रेसर बसवला तेव्हा.
"मी व्हतू तठे," तो म्हणाला.
"हाई मनंच काम शे."

जोड उघडला. आत काळी रिंग,
एका बाजूनं चपटी, नखानं तुटेल अशी.
हिरवी पाहिजे होती. हिरव्या संपल्या होत्या त्या दिवशी,
उस्ताद जेवायला गेले होते,
पेटीतली काळी बसली, म्हणून बसवली.

मी मनात तीन पावत्यांची बेरीज केली.
मग आठवलं, तिन्ही वेळा मागे वळून
मीच सांगितलं होतं, गॅस संपला, बाई.
बेरीज तशीच राहिली.

नवी रिंग तेलात बुडवून त्यानं आधी हातानं आवळली,
मग पान्यानं, कान लावल्यासारखी मान वाकडी करून.
व्हॅक्यूम काढलं, अर्धा तास सुई हलली नाही.
काट्यावर मोजून पाचशे वीस ग्राम.
पैसे फक्त गॅसचे घेतले.
पिवळ्या रंगाची डबी उघडून तसाच थांबला,
मग ठिपका दिला.

शुक्रवारी परतताना सुया काढून दमलेल्या निर्मलाबाई
डोळे न उघडता म्हणाल्या,
"कमी कर रे जरा, थंडी वाजते."
बाहेर चव्वेचाळीस. काचेवर हात टेकवत नव्हता.
मी कमी केलं.
ॲशट्रेत काळी रिंग खड्ड्याखड्ड्याला वाजत होती.